झापांखालचं ॲडमिशन ऑफिस

आमच्या गावातून इंजिनिअरिंगला जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला आधी एका होडीत चढावं लागतं. होडी पाण्यात नसते. भरतीच्या रेषेपासून एकोणचाळीस मीटर वर, वाळूत, लाकडी टेकूंवर ती उभी आहे आणि तिच्यावर झावळ्यांच्या विणलेल्या झापांचं छप्पर आहे. आत पदू नाखवा जाळं विणत बसलेला असतो. मूल आत चढतं. आई बरोबर असली तर तीही चढते. बाप मात्र खाली वाळूत उभा राहतो. "बाप भायेर," एवढंच नाखवा म्हणतो, आणि बाप, मग तो सरपंच असो नाहीतर दुबईहून सुट्टीवर आलेला असो, बाहेर राहतो.

मीही राहिलोय. एक तास वीस मिनिटं.

मी म्हसळ्याला मोजणी खात्यात भूकरमापक आहे. बावीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजतोय, त्यामुळे वरचे एकोणचाळीस मीटर अंदाजाने सांगितलेले नाहीत, टेप लावून घेतलेले आहेत. चुकीचा आकडा कानावर पडला की मला शिंक अडकल्यासारखं होतं. तो दुरुस्त केल्याशिवाय बरं वाटत नाही. एका हळदीला पदू नाखवा सांगत होता की, त्याने एकदा सात मैलांवर भरकटलेली होडी एका तासात ओढत आणली. मी विचारलं, समुद्री मैल की साधे? मग त्याच्या मशीनचा वेग विचारला आणि ताटाशेजारी बोटाने हिशेब करून दाखवला की दोन तास दहा मिनिटांच्या आत हे शक्य नाही. पंगत हसली. सगळ्यांत जास्त नाखव्याचाच मुलगा नितीन हसला. तेव्हापासून नाखवा मला 'मोजनीवाले' म्हणतो आणि कुठलीही थाप मारून झाली की वर जोडतो, "इचारा मोजनीवाल्यांना!" मी जवळ नसेन तेव्हा जास्त जोरात.

चौथी शिकलेला हा माणूस इंजिनिअरिंगचा सल्लागार कसा झाला, याचं कारण मोबाईलची रेंज. माझ्या ओट्यावर एक काडी येते, तीही वाऱ्यावर. नाखव्याच्या होडीपाशी तीन. ॲडमिशनचे फॉर्म भरायचे दिवस भर पावसातले, तेव्हा रेंज आणि कोरडी जागा एकत्र मिळण्याचं गावातलं एकच ठिकाण म्हणजे ही होडी. शिवाय नाखवा तिथे बाराही महिने रिकामाच. मुलं झापांखाली बसून मोबाईलवर कॉलेजांची यादी लावायची, भांडायची, रडायची. नाखवा जाळं विणत ऐकायचा. दोन पावसाळ्यांत त्याला कटऑफ, राऊंड, कोटा सगळं पाठ झालं. तिसऱ्या पावसाळ्यात तो मध्ये बोलू लागला. चौथ्यात बोर्ली पंचतनहून मुलं टमटम करून येऊ लागली.

त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "हा वारा कुनाचा?"

बोर्लीचा एक मुलगा म्हणाला होता, "मला एआय घ्यायचंय."

"वारा कुनाचा?"

"मामांचा."

"मामा काय करतो?"

"कतारला एसी दुरुस्त करतात."

"मंग मामाला घाल कॉलेजात. तुजा वारा सांग."

मुलगा हळूच म्हणाला की त्याला पूल बघायला आवडतात. त्याचा बाप खाली वाळूत ओरडत होता, "एआय! एआय सांग!" नाखव्याने झाप थोडं खाली ओढून घेतलं. मुलगा सिव्हिलला गेला.

मिळालेली जागा पक्की करायची म्हणजे फॉर्ममध्ये 'फ्रीज' करायचं असतं. नाखव्याला हे समजावून सांगावं लागलं नाही. "फ्रीज म्हंजे बर्फात टाकायचं. एकदा टाकलंस का परत पान्यात सोडता येत न्हाय. दाब आता बटन."

पण त्याची खरी शिकवण दोन खुणांची. जुने कोळी समुद्रात जागा कशी ओळखायचे, तर किनाऱ्यावरची एक जवळची खूण आणि तिच्यामागची एक लांबची खूण धरायची. समजा, देवळाचा कळस आणि डोंगरातली खिंड. दोन्ही एका रेषेत आल्या की आपण त्या रेषेवर. मी खालून म्हणालो होतो की, दोन खुणांनी रेषा मिळते, जागा मिळत नाही. जागेला आणखी एक माप लागतं.

"मोजनीवाले," वरून आवाज आला, "शिसं कशाला असतं मंग?"

दोरीला शिशाचा गोळा बांधून पाण्यात सोडायचा आणि खोली वावांत मोजायची. रेषा आणि खोली, झाली जागा. मला मान्य करावं लागलं. पद्धत शास्त्रशुद्ध आहे.

तीच पद्धत तो नव्या मुलांना द्यायचा. कॉलेजात गेल्यावर जवळची खूण म्हणजे एक वरच्या वर्गातलं माणूस. लांबची खूण म्हणजे आपण आलो कशाला ते. आणि दर शनिवारी पाच वाजता नाखव्याला फोन करून खरी खोली सांगायची, म्हणजे कुठला विषय किती डोक्यावरून चाललाय, ते वावांत.

गेल्या वर्षी आमची मानसी होडीत चढली. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, नवी मुंबई. मी खाली उभा राहून ऐकत होतो. जवळची खूण नाखव्याने स्वतःच दिली: म्हसळ्याची रुखसार, त्याच कॉलेजात एक वर्ष पुढे, तीही याच होडीतून गेलेली. लांबची खूण मानसीला सांगता येईना.

"कशाला चाललीस, पोरी?"

"आमच्या ओट्यावर चार काड्या रेंज आणायला," ती वैतागून म्हणाली.

"ओटा हलनारा न्हाय," नाखवा विचार करून म्हणाला. "चालंल."

मीही मुलीला रिकाम्या हाताने पाठवलं नाही. दिवसाच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या शहाण्णव चौकटी पाडून तक्ता केला होता. अंघोळ एक चौकट, जेवण दोन, गणित बारा. लॅमिनेट करून दिला.

पहिल्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी फोन केला. "कसं चाललंय?" "ठीक." "टक्के?" "अजून लागले नाहीत, पप्पा." मी वहीत 'ठीक' लिहून ठेवायचो. आणि शनिवारी पाच वाजता समुद्रावर चक्कर मारली की होडीतून नाखव्याचं ओरडणं ऐकू यायचं:

"म्याथ्स किती? ... सहा? परवा चार व्हतं गो! ... प्रोग्रामिंग? ... नऊ वाव? अगो, नऊ वावात आमी पापलेट धरतो!"

मी त्याला विचारलं, एक वाव म्हणजे किती टक्के? तो म्हणाला, "दोन हात पसरले का एक वाव. ज्याचे त्याचे हात." ज्याचे त्याचे हात! ज्या मापाला ठरलेली लांबी नाही, त्यावर माझ्या मुलीचं शिक्षण चाललं होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग लागोपाठ दोन शनिवार फोन आला नाही. दुसऱ्या शनिवारी नाखवा आमच्या ओट्यापुढे येऊन उभा राहिला. डोक्यावरची लाल टोपी हातात होती.

"पोरीचे वाव आले न्हाईत."

"आमच्याशी रोज बोलते की. ठीक आहे म्हणाली."

"ठीक म्हंजे किती वाव?"

मी वही आणायला वळलो आणि थांबलो. वहीत सदतीस वेळा 'ठीक' होतं.

"परीक्षा चालू असेल," मी म्हणालो.

"तुमी बाप हाव," नाखवा म्हणाला आणि निघून गेला. ही शिवी होती की सांत्वन, मला अजून कळलेलं नाही.

सोमवारी सकाळी नितीन बापाला शोधत फिरत होता. सव्वासहाच्या पनवेल एसटीत एका म्हातारीने त्याला बघितलं होतं, पिशवीत सुके सोडे आणि शिशाची दोरी घेऊन बसलेला. आयुष्यात हा माणूस रेवदंड्याच्या पलीकडे जमिनीवरून गेलेला नव्हता.

त्याच संध्याकाळी मानसीचा फोन आला. "पप्पा, मला मॅथ्समध्ये वीसपैकी चार आहेत. प्रोग्रामिंगमध्ये तीन. मी बॅग भरली होती. घरी येऊन बीएस्सी करणार होते." पाच आठवड्यांत तिने मला दिलेले हे पहिले आकडे. आयुष्यभर आकडे मागत आलेल्या माणसाला त्यांचं काय करावं ते सुचेना.

"म्हणजे किती वाव?" मी विचारलं.

"अकरा," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग म्हणाली, "नाखवाआजा आलाय. मी थांबतेय. निदान ही टर्म."

मंगळवारी नाखवा परत आला आणि होड्यांच्या रांगेपुढे उभं राहून त्याने सांगितलेली हकिगत अशी: "पोरगी खोलीभायेर येत न्हवती. फोन घेत न्हवती. मंग मी इचार केला, मासा येत न्हाय तर गळ टाकायचा. मी हरवलो! मुद्दाम! फोन केला, पोरी, तुजा आजा हरवलाय. धावत आली. अर्ध्या तासात भायेर!" लोकांनी वा वा केली. त्या पावसाळ्यात नाखव्याचा भाव फार वाढला.

मला मात्र शिंक अडकली. नाखव्याच्या टोपीत एसटीचं तिकीट खोचलेलं मी पाहिलं होतं. गाडी पनवेलला सव्वाअकराला पोचते. तिथून बस धरून मानसीच्या स्टॉपला तो फार तर साडेबाराला उतरला असेल. स्टॉप ते हॉस्टेल सातशे मीटर. आणि मानसीच्या म्हणण्याप्रमाणे तिने फोन घेतला तो चार वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे तीन तास पस्तीस मिनिटं. मुद्दाम हरवायला एवढा वेळ लागत नाही.

दिवाळीत मानसी आली. माझी बायको आत चकल्या तळत होती आणि मी ओट्यावर मानसीला हे सगळं गणित मांडून दाखवलं. तिने झाऱ्यातली एक गरम चकली उचलून आणली, तोडली आणि म्हणाली, "पप्पा, आजा खराच हरवला होता."

झालं होतं असं. स्टॉपवर उतरताच नाखव्याने सवयीप्रमाणे दोन खुणा धरल्या. तिथले सगळे रस्ते एकसारखे, इमारती एकसारख्या, कळस नाही, खिंड नाही. त्याने त्यातल्या त्यात उंच गोष्टी निवडल्या. जवळची खूण म्हणून दात दाखवणाऱ्या बाईची मोठी जाहिरात आणि लांबची खूण म्हणून एका अर्धवट इमारतीवरच्या पिवळ्या क्रेनचा हात. मग हॉस्टेल शोधत निघाला. सापडेना म्हणून परत फिरला, तर क्रेनचा हात दुसरीकडे वळलेला. आणि बाई गेलेली, तिच्या जागी प्रेशर कुकर. तो पडदा दर दहा सेकंदांनी बदलत होता, पण नाखव्याला वाटलं, आपण भलत्याच ठिकाणी आलो. तो नव्या रेषेने चालू लागला. क्रेन पुन्हा वळली. असं तीन तास. एका ठिकाणी उघडं चेंबर दिसलं, तर त्याने त्यात शिसं सोडून पाहिलं. वॉचमन धावत आला, "चाचा, क्या कर रहे हो?"

"गहराई देखताय."

"तो कितना है?"

"सव्वा वाव."

वॉचमनने त्याला हाताला धरून एका दुकानाच्या पायरीवर बसवलं. तिथून त्याने मानसीला फोन करायला सुरुवात केली. सोळा वेळा तिने घेतला नाही. तिला वाटलं, वाव विचारेल. सतराव्यांदा घेतला, तेव्हा तो म्हणाला, "वाव न्हाय इचारत, पोरी. मी हरवलोय."

मानसीला स्वतःला हॉस्टेल, वर्ग आणि मेस यापलीकडे एक रस्ता ठाऊक नव्हता. पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिने रुखसारचं दार वाजवलं. रुखसारने स्कूटी काढली. 'दुकानात काय दिसतं, आजोबा?' 'चड्ड्या', एवढ्या पत्त्यावर दोघींनी त्याला बावीस मिनिटांत शोधला. पायरीवर बसून मानसीने सगळं सांगितलं. चार आणि तीन मार्क, भरलेली बॅग, माझा तक्ता, सगळं. नाखवा ऐकत होता. मग रुखसार म्हणाली, "या अल्ला, चार? मला दोन होते. केटी लागली, दुसऱ्यांदा सुटले. आधी का नाही आलीस?" त्या दिवसापासून मानसी रोज सहा ते आठ रुखसारच्या खोलीत अभ्यासाला बसली. लॅमिनेट केलेल्या तक्त्यावर आता त्या भाजी चिरतात.

"पप्पा, रस्ता ओलांडताना आजाने माझा हात धरला होता," मानसी म्हणाली. "पलीकडे गेल्यावरही सोडला नाही. मला म्हणाला, असं पयल्यांदा झालं. दर्यात एकदा बी न्हाय झालं. नित्याला सांगू नको."

मग मला होडीचं कळलं. ती झापांखालची होडी नाखव्याची जुनी. नितीनने सहा वर्षांपूर्वी नवी बोट घेतली, तिच्यावर जीपीएस बसवला आणि बापाला म्हणाला, बाबा, किनाऱ्यावर रिसॉर्ट झाली, झाडं गेली, तुमच्या खुणा आता चुकतात, तुम्ही आराम करा. नितीनचं चूक नव्हतं. पण तेव्हापासून नाखवा समुद्रावर गेलेला नाही. गावात त्याच्या खुणा विचारणारी माणसं उरली ती फक्त अठरा वर्षांची, फॉर्म भरणारी.

मानसीला पहिल्या वर्षी मॅथ्सची केटी लागली. दुसऱ्या खेपेला सुटली. सध्या ती दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या ओट्यावर अजून एकच काडी आहे.

या जुलैमधली गोष्ट. शनिवार होता. मी समुद्रावर गेलो, तर होडीत सात मुलं बसलेली आणि खाली पाच बाप भुरभुर पावसात उभे. मासेमारी बंद असल्यामुळे नितीन शेजारीच आपल्या खलाशांबरोबर बोटीला रंग देत होता. नाखव्याची हकिगत रंगात आली होती.

"बाबा," नितीन ब्रश हलवत ओरडला, "आता तरी खरं सांगा! हरवलाच होता ना? जमिनीवर पण जीपीएस लावून देऊ का गळ्यात?"

खलाशी हसले. बापही हसले. होडीतली दोन मुलं हसली.

"मुद्दाम हरवलो!" नाखवा गरजला. "अर्ध्या तासात पोरगी भायेर! इचारा मोजनीवाल्यांना!"

सवयीने बोलून गेला. मग त्याला मी दिसलो. जाळ्यातली सुई थांबली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आकडा ठाऊक होता. तीन तास पस्तीस मिनिटं. नाखव्याने माझ्याकडे बघितलं नाही, तो जाळ्याच्या एकाच गाठीकडे बघत राहिला.

"एकोणतीस मिनिटं," मी म्हणालो. "मी मोजलंय."

"एकोणतीस?" नितीन म्हणाला.

"बसमधून उतरल्यापासून. तिकिटावर वेळ आहे."

तिकिटावर अशी कुठलीही वेळ नव्हती. पण हळदीच्या पंगतीत ताटाशेजारी हिशेब मांडणारा माणूस खोटं माप देईल, असं नितीनच्या मनातही आलं नाही. "मोजणीवाले म्हणतात म्हणजे..." असं पुटपुटून तो रंगाकडे वळला.

सुई पुन्हा चालू लागली. चार-पाच गाठी झाल्या.

"अठ्ठावीस," नाखवा मान खाली घालून म्हणाला.

"हो. अठ्ठावीस," मी म्हणालो.

मग त्याने बाजूचा जाळ्याचा ढीग पायाने सरकवला. "पावसात काय उबे ऱ्हायलाव? या वर."

"नाखवा, बाप भायेर ना?" एक मुलगा म्हणाला. खालचे पाचही बाप ताठ झाले.

"ते बाप म्हनून न्हाय आले," नाखवा म्हणाला.

मी चपला वाळूत काढून वर चढलो. आतून होडी बाहेरून वाटते त्यापेक्षा अरुंद आहे. किती, ते मोजलं नाही. तेवढ्यात पाच वाजले आणि नाखव्याचा फोन वाजला. मानसी होती. डेटा स्ट्रक्चर चार वाव, बाकी सगळं घोट्याएवढं. मला वाटलं, आता तो फोन ठेवील. पण पलीकडून मानसीने काहीतरी विचारलं, दर शनिवारी विचारत असावी तसं सहज. नाखव्याने एकदा नितीनच्या बोटीकडे बघितलं, तोंडावर हात धरला आणि आवाज खाली आणला.

"माजी खोली? गेल्या हप्त्यात सात वाव व्हती, बोललो ना," तो म्हणाला. "आज दोनच हाय गो. न्हाय, खरंच. मोजनीवाले वर आलेत."